गाऱ्हाण्यातली इंग्रजी शिवी

मी नारळाचं चित्र समोर धरलं. "लवूतात्या, हे काय?"

लवूतात्या घाडींनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ओठ जुळवले, गळ्याच्या शिरा ताणल्या, डावी मूठ टेबलावर आपटली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाले, "ब्लडी."

दुसरं चित्र होडीचं होतं. "ब्लडी."

तिसरं गाईचं. याला त्यांनी जरा जास्त वेळ घेतला. कपाळाला आठ्या घातल्या, बोट हलवलं. मला वाटलं, येतोय शब्द. "ब्लडी हेल," ते म्हणाले आणि दमून खुर्चीला टेकले.

शेजारी त्यांच्या बायकोने, सुभद्राकाकींनी, पदर तोंडावर ओढून घेतला होता. साठीच्या पुढच्या, किडकिडीत, कपाळाला ठसठशीत कुंकू. पदराआडून म्हणाल्या, "बाय, ती विंग्रजी गाळ आसा ता माका म्हायत आसा. पण रवळनाथाची शपथ घेवन सांगतंय, ह्येनी जल्मात कोणाक साधा 'मेल्या' म्हटल्यानी नाय."

हे २००६ सालच्या जानेवारीतलं. कुडाळच्या एका रुग्णालयात वाचाउपचाराचं खातं नुकतंच उघडलं होतं. खातं म्हणजे मी, एक टेबल, दोन खुर्च्या आणि चित्रांचा गठ्ठा. मी सत्तावीस वर्षांची, सांगलीहून आलेली, आणि अख्ख्या तालुक्याला 'घाटावरची आवटीबाय' म्हणून ठाऊक. पहिल्या दोन महिन्यांत माझ्याकडे आलेले पेशंट सात, त्यातले तीन कान दाखवायला चुकून आलेले. त्यामुळे लवूतात्या आले तेव्हा मला आनंदच झाला, हे कबूल करते.

तात्यांना ऑक्टोबरमध्ये पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात लुळा, पाय ओढत चालता येई. समजत सगळं होतं, पण बोलणं गेलं होतं. सत्तर वर्षांची मालवणी, बोटीवरची मोडकीतोडकी हिंदी, सगळं पुसलं गेलं आणि मागे राहिले तीन इंग्रजी शब्द. ब्लडी, हेल आणि बगर. सत्तावीस वर्षं त्यांनी एका इंग्रज कंपनीच्या मालवाहू बोटीवर, इंजिनरूममध्ये तेलवाल्याचं काम केलं होतं. शब्द तिथले, हे उघड होतं. पण तेच का उरले, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

"बरे व्हतीत मां?" काकींनी विचारलं. "मार्गशीर्षात जत्रा आसा. गाऱ्हाणा घालूचा आसा तेंका."

गाऱ्हाणं म्हणजे काय, हे त्यांनीच मला सांगितलं. जत्रेच्या सकाळी देवासमोर उभं राहून एक माणूस सगळ्या गावाच्या वतीने मागणं मागतो. त्याची एकेक ओळ संपली की गाव 'व्हय महाराजा' म्हणून होकार देतो. तिरवळ गावात हा मान घाडींच्या थोरल्या घराचा, म्हणजे लवूतात्यांचा. बोटीवरून निवृत्त होऊन आल्यापासून अकरा वर्षं त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं. गेल्या जत्रेला ते अंथरुणावर होते, म्हणून चुलतभाऊ केशवमास्तर उभे राहिले. एक वर्ष चुकलं तर चालतं, अशी तिथली रीत. सलग दुसऱ्या वर्षी चुकलं, तर मान पुढच्या घराला जातो आणि परत येत नाही.

"अकरा महिने आहेत," मी छाती पुढे काढून म्हणाले. "करू आपण."

आणि मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. सांगलीत मी नन्सच्या शाळेत शिकले. सातवीत असताना एका मुलीला मी 'ब्लडी फूल' म्हटलं, तर सिस्टरने मला नळाखाली नेऊन साबणाने तोंड धुवायला लावलं होतं. त्या साबणाची चव माझ्या जिभेवर होती म्हणा, किंवा मी नवशिकी होते म्हणा, पण मी ठरवलं की आधी हा शब्द काढून टाकायचा. तात्या 'ब्ल' म्हणाले की मी तळहात उंच करायचे. थांबा. दुसरा शब्द. काकींनाही सांगितलं, घरीही असंच करा.

तात्या शहाणा माणूस. हात वर झाला की थांबायला ते लवकर शिकले. फेब्रुवारीत शिवी कमी झाली. मार्चमध्ये अगदी क्वचित. मी माझ्या वहीत 'प्रगती' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

एप्रिलच्या एका मंगळवारी काकी एकट्याच आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"बाय, आता ते कायच बोलनत नाय."

"म्हणजे?"

"कायच नाय. आधी सकाळी चाय दिली की ब्लडी म्हणायचे. मासो बरो झालो की ब्लडी. वीज गेली की ब्लडी. घरात मानूस आसा असा वाटायचा. आता नुसते भिंतीकडे बघत बसतत. तू तेंका गप केलंस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माका गाळी घालणारो घोव चलात. मुको नको."

त्या गेल्यावर मी बराच वेळ चित्रांचा गठ्ठा पिसत बसले. मग मुंबईला माझ्या शिक्षिकेला फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "अगं, सगळं घर जळालं आणि एक दार तेवढं उघडं राहिलं, तर तू त्यालाच कडी लावलीस?"

पुस्तकात मी हे वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. शिव्या, पाढे, आरत्या, प्रार्थना हे सगळं आपण रोजची भाषा ठेवतो त्या फडताळात ठेवत नाही. ते वेगळ्या कोपऱ्यात असतं, आणि झटका आला तरी पुष्कळदा वाचतं. परीक्षेत मला यावर पैकीच्या पैकी मार्क होते. प्रत्यक्षात मी त्या कोपऱ्यावर साबण घेऊन बसले होते.

शुक्रवारी तात्या आले. भिंतीकडे बघत बसले. मी त्यांचा डावा हात धरला, टेबलावर ठेवला आणि त्यांच्याबरोबर ताल धरला. एक, दोन. एक, दोन.

"तात्या, म्हणा. ब्लडी."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, वर होतो का ते.

"मी चुकले तात्या. म्हणा. मी पण म्हणते. ब्लडी हेल."

बाहेर बसलेल्या पेशंटनी काय समजायचं ते समजावं. आम्ही दोघं टेबल बडवत पाच मिनिटं मोठ्यांदा ब्लडी हेल म्हणत होतो आणि दाराशी काकी पदरात तोंड खुपसून हसत होत्या. मग त्याच तालात मी हळूच पुढे जोडलं, "एक, दोन, तीन." आणि तात्या म्हणाले, "चार."

सहा महिन्यांत आलेला हा पहिला मराठी शब्द. तात्यांनी तो पुन्हा म्हणून पाहिला. चार. चार. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही, लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर वाट सापडली. पावसाळाभर दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते एसटीने येत. दहापर्यंत आकडे, मग वार, मग गणपतीची आरती. ऑगस्टमध्ये मी भीत भीत गाऱ्हाण्याची पहिली ओळ काढली. काकींनी ती मला लिहून दिली होती. तात्यांनी मांडीवर ताल धरला, ब्लडी हेल म्हणाले आणि त्या उडीसरशी अख्खी ओळ बाहेर आली. नुसती ओळ सुरू करायला सांगितली तर जीभ हलत नसे. आधी शिवी लागायची. मध्ये कुठे अडलं तर ब्लडी चालत नसे, तिथे बगर लागायचं. का, ते विचारू नका. डिझेलचं इंजिन हॅन्डल मारल्याशिवाय सुरू होत नाही, तसंच होतं ते. दिवाळीपर्यंत सबंध गाऱ्हाणं बसलं, पाच ते सात शिव्यांसकट.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. नोव्हेंबरात केशवमास्तर स्वतः रुग्णालयात आले. धुवट सदरा, काखेत छत्री, बोलणं शाळेतल्यासारखं शुद्ध. तीस वर्षं त्यांनी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. कोपऱ्यात बसून त्यांनी सगळं गाऱ्हाणं ऐकलं. संपल्यावर तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग मला बाहेर बोलावलं.

"बाई, तुम्ही मोठं काम केलंत. लवू पुन्हा बोलेल असं मला वाटलं नव्हतं. पण देवासमोर हे चालायचं नाही."

"मान तुमच्या घराला यावा म्हणून म्हणताय का?" मी फटकन विचारलं. त्या वयात माझी जीभ जरा जास्तच सुटी होती.

त्यांनी माझ्याकडे, वर्गातल्या उद्धट मुलीकडे बघावं तसं पाहिलं. "मला मान मिळाला तर नको म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? पण त्या शब्दांचा अर्थ गावात फक्त मला कळतो. कळून मी गप्प बसलो, आणि पुढे गावावर काही आलं, तर जबाबदार मीच ना? गावकी बसेल. तुम्ही या."

गावकी म्हणजे मानकऱ्यांची बैठक. मी तयारीने जायचं ठरवलं. माझा मावसभाऊ लंडनजवळ राहायचा. त्याला ईमेल केला की तिकडे हे शब्द किती वाईट समजतात ते कळव. त्याने एक यादीच पाठवली. तिथल्या टीव्ही-रेडिओवाल्यांनी साध्या लोकांना बसवून विचारलं होतं, कुठली शिवी किती लागते. सगळ्यात जहाल वर, सगळ्यात सौम्य खाली. ब्लडी पार तळाला होतं. बगर त्याच्या थोडं वर. कुडाळच्या सायबर कॅफेत मी त्याच्या तीन प्रती काढल्या आणि लढाई जिंकल्याच्या थाटात तिरवळला गेले.

देवळाच्या सभामंडपात वीसेक माणसं बसली होती. मुख्य मानकरी बाबल गावकर मध्ये, खांबाला टेकून. तात्या एका बाजूला, डावा हात मांडीवर. बायकांना गावकीत जागा नाही. मला 'डॉक्टरबाय' म्हणून पायरीवर बसू दिलं. काकी बाहेर पिंपळाच्या पारावर होत्या, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

केशवमास्तरांनी जाडजूड शब्दकोश आणला होता. "ब्लडी, असभ्य. हेल म्हणजे नरक. देवाच्या दारात नरकाचं नाव."

"आनी तो तिसरो?" बाबल गावकरांनी विचारलं. "बगर म्हंजे काय?"

मास्तरांनी शब्दकोश मिटला. "तो अर्थ मी इथे वाचणार नाही."

एवढ्याने सगळ्यांच्या माना पुढे आल्या. मी पायरीवरून उठले आणि यादी वाटली. हा शब्दकोश जुना, ही यादी आत्ताची. खुद्द इंग्रज आता या शब्दांना शिवी म्हणत नाहीत. लहान मुलं बघतात ती वेळ सोडली, तर टीव्हीवर सर्रास बोलतात. आपल्याकडे 'मेल्या' म्हणतात ना, तेवढंच.

"मेल्या?" एका लहान मुलाचा बाप म्हणाला. "मगे मी माझ्या झिलाक दिवसातसून धा वेळा म्हणतंय."

"तुझो झील म्हंजे देव न्हय," दुसरा म्हणाला.

"बगर मेल्याच्या वर काय खाली?"

"वर. पण लय वर न्हय, बाय म्हणता तां बघ."

अर्धा तास तिरवळच्या गावकीने इंग्रजांच्या शिव्यांचा भाव लावला. कुठली मालवणी शिवी कुठल्या इंग्रजी शिवीच्या तोलाची, यावर दोघं हमरीतुमरीवर आले, आणि त्यासाठी दिलेले दाखले मी इथे लिहू शकत नाही. देवासमोर काय बोलू नये यावरच्या चर्चेत देवाने जेवढं ऐकलं, तेवढं बिचाऱ्याने वर्षभरात ऐकलं नसेल. बाबल गावकर यादीवर बोट फिरवत मान डोलवू लागले. काम फत्ते झालं असं मला वाटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "तो कागद माका बघूक दी."

आनू तांडेल. तात्यांच्याच बोटीवरचा, तात्यांहून दोन वर्षांनी लहान. इंजिनरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसांना हळू बोलता येत नाही. त्याने कागद उलटा धरला, कारण वाचायला येत नव्हतंच, आणि देऊळ दणाणेल अशा आवाजात विचारलं, "ह्यात काय लिवला हा? ब्लडी हलकी गाळ?"

"हो," मी म्हणाले. "लोकांना विचारून ठरवलंय."

"खयच्या लोकांका?"

"तिथल्याच. इंग्लंडमधल्या."

"म्हंजे घालणाऱ्यांका. माका इचारूक कोण इलो? लवूक इचारूक कोण इलो?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"सत्तावीस वर्सा," आनू म्हणाला. "खाली तापलेला इंजिन, अंगातसून पानी गळता, आनी वरसून थोरलो सायब आरडता. ब्लडी फूल. लेझी बगर. ब्लडी हेल, कम हियर. नावान कधी हाक मारूक नाय. लवूचा नाव लवू आसा, ता त्या बोटीर कोणाक म्हायत नव्हता. मी उलट बोलायचंय, माझो पगार कापायचे. हो लवू मान खाली घालून तेल घालीत रवायचो. एकदा मी इचारलंय, तुका राग येणा नाय काय रे? तर म्हणता कसो, घराकडे पाच तोंडा आसत." त्याने कागद माझ्या हातात परत दिला. "हलकी न्हय बाय ती गाळ. आतपर्यंत गेलली. सगळ्यात खोल गेलली, म्हणानच सगळा गेला तरी ती रवली."

तात्या जमिनीकडे बघत होते. त्यांचा डावा हात मांडीवर स्थिर होता. बाकीच्या दोन प्रती मी परत घेतल्या, तिन्हींची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि पर्समध्ये कोंबली. शब्दकोश आणि यादी घेऊन मास्तर आणि मी भांडत होतो, आणि ज्याच्या अंगावर ते शब्द पडले तो माणूस आमच्या मधोमध बसला होता. मी सात महिने त्याला हात धरून ते म्हणायला लावलं होतं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

मग बाबल गावकरांनी निकाल दिला. "गाऱ्हाणा लवूच घालतलो. तो मान तेचो. पण आनू म्हणता ता खरा आसात, तर ती गाळ हलकी न्हय, आनी भारी गाळ देवाफुडे लवूच्या तोंडातसून येवक नये. इली, नायतर लवू अडाकलो, तर केशव फुडे व्हतलो. आनी मगे मान केशवच्या घराचो."

"गाळ लवूच्या तोंडातसून येवक नये," बाहेरून सुभद्राकाकींनी विचारलं. गावकीत बाईने बोलणं म्हणजे अघटितच. "असाच म्हटलास मां, भावोजी?"

"व्हय गो. असाच."

"बरा," काकी म्हणाल्या आणि तात्यांची काठी घ्यायला आल्या.

उरलेल्या तीन आठवड्यांत मी सगळं करून पाहिलं. शिवीऐवजी ओम. शिवीऐवजी टाळी. शिवी मनात म्हणा आणि ओळ मोठ्याने. काहीएक चाललं नाही. शेवटच्या शुक्रवारी मी काकींना म्हटलं, "मला नाही वाटत जमेल." त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू ये मात्र."

जत्रेच्या सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, मध्ये पालखी. तात्या पांढरं धोतर नेसून, खांद्यावर लाल उपरणं टाकून, काठी न घेता उभे राहिले. एक पाऊल मागे केशवमास्तर. मी बायकांत, काकींच्या मागे.

पुजारी बाजूला झाला. ढोल थांबले.

तात्यांनी डाव्या हाताने मांडीवर ताल धरला. एक, दोन. एक, दोन. ओठ जुळले. मला इतक्या लांबूनही दिसलं, शब्द ओठांपर्यंत आला होता. आणि त्यांनी ओठ घट्ट मिटून तो गिळला. सत्तावीस वर्षं गिळला तसाच. गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, चेहरा लालबुंद झाला, हात तालात पडत राहिला आणि आवाज फुटेना. पुरुषांत कुजबुज सुरू झाली. बाबल गावकरांनी केशवमास्तरांकडे पाहिलं.

"ब्लडी हेल," सुभद्राकाकी म्हणाल्या.

ओरडून नाही. चहाचा कप पुढे करावा इतक्या सहज. पण ढोल थांबलेले होते, आणि सगळ्यांनी ऐकलं. शंभर माना वळल्या. ज्या बाईने पदराआडून मला 'ती गाळ आसा' म्हणून सांगितलं होतं, ती ताठ मानेने, पदर खांद्यावर नीट घेऊन, देवाकडे बघत उभी होती.

बाबल गावकरांनी तोंड उघडलं, पण त्यांना उशीर झाला होता.

"बा देवा रवळनाथा," तात्यांचा आवाज लागला, "हयसर जमलेली ही तुझी लेकरां, तुका हात जोडून सांगतत रे महाराजा."

गाऱ्हाण्याची ओळ आली की गावाला गप्प राहता येत नाही. "व्हय महाराजा," देऊळ म्हणालं.

"जो कोण दर्यार गेलो, जो कोण मुंबयक गेलो, तेका सुखरूप घराक हाड रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"जो कोण," तात्या म्हणाले. "जो कोण." आणि अडकले.

काकींनी तोंड उघडलं. पण त्या आता हुंदक्यांनी गदगदत होत्या, शब्द निघेना. इथे बगर लागतं, मला माहीत होतं. पण माझी छाती झाली नाही. परगावची मी, त्यांच्या देवळात उभी. केशवमास्तर एक पाऊल पुढे आले. संपलं, मी मनात म्हटलं. त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं, ठरलं तसंच होत होतं.

मास्तर तात्यांच्या शेजारी उभे राहिले. हात जोडले. डोळे मिटले. आणि तीस वर्षं मागच्या बाकापर्यंत पोचलेल्या आवाजात, निर्दोष उच्चारात म्हणाले, "बगर."

"जो कोण हाताखाली राबलो," तात्या उसळून म्हणाले, "जेणी कोणी मान खाली घालून सोसला, तेची मान वर कर रे महाराजा."

ही ओळ काकींनी लिहून दिलेल्या कागदावर नव्हती. आम्ही ती कधी म्हटली नव्हती. ती त्यांनी तिथे उभ्या उभ्या केली, वाचा गेलेल्या माणसाने. क्षणभर गावालाही कळेना. मग आनू तांडेलचा दणदणीत आवाज आला, "व्हय महाराजा," आणि त्यामागोमाग सगळ्या देवळाचा.

पुढे अडखळ आली नाही. शेवटच्या ओळीला ढोल वाजले, पालखी उचलली, आणि बाबल गावकरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं की लवूच्या तोंडातून एकही गाळ गेलेली नाही, गाऱ्हाण्याच्या सगळ्या ओळी त्याच्याच, गाव साक्षी आहे, मान लवूचाच. केशवमास्तरांनी चष्मा काढून उपरण्याला पुसला. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणाले, "उच्चार बरोबर होता ना?"

माझ्या हातून पुढे पुष्कळ माणसं बोलती झाली. पण अभिमान म्हटलं की मला ती सकाळ आठवते, आणि तो माझा स्वतःचा नाही. मी फक्त तिथे होते.

लवूतात्यांनी आणखी सहा वर्षं गाऱ्हाणं घातलं. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून ते गेल्यावर मान रीतीप्रमाणे केशवमास्तरांच्या घरी गेला, आणि आता त्यांचा मुलगा श्रीधर उभा राहतो. त्याची वाचा ठणठणीत आहे. वकील आहे तो, उलट बोलायचा थांबत नाही. गेल्या मार्गशीर्षात मी गेले होते. श्रीधर देवासमोर उभा राहिला, हात जोडले, पण सुरुवात केली नाही. वाट बघत राहिला. सगळं गाव वाट बघत होतं, कडेवरची पोरंसुद्धा. बायकांच्या बाजूला, खुर्चीत बसलेल्या सुभद्राकाकींनी पदर नीट केला आणि म्हटलं, "ब्लडी हेल."

मग श्रीधरने गाऱ्हाणं सुरू केलं.